रात्रीचा फोटो पुसट का येतो? कमी उजेडात फोनचा फोकस धरायला शिकूया



मागच्या आगोटीच्या वेळची गोष्ट. पावसाळा तोंडावर आला की घराघरांत सुकं भरून ठेवायची घाई असते. आमच्या उत्तनच्या गटाने बोंबील आणि जवळा पाकिटांत भरून मीरा रोडच्या एका सोसायटीत द्यायचं ठरवलं. तिथल्या एका ताईंनी ४० पाकिटं तोंडी सांगून ठेवली. म्हणाल्या, "आज रात्री मालाचा फोटो पाठवा. आमच्या ग्रुपवर दाखवते आणि लगेच नक्की करते."

दिवसभर निवडणं, वजन करणं, पाकिटं बंद करणं यातच वेळ गेला. फोटो काढायला बसलो तेव्हा रात्रीचे ८ वाजले होते. घरातल्या पिवळ्या बल्बखाली परात ठेवली, त्यात बोंबील रचले आणि फोटो काढला. फोनच्या पडद्यावर बरा वाटला, म्हणून पाठवून दिला. थोड्या वेळाने उत्तर आलं, "माल जुना आहे का हो? काही नीट दिसत नाही." माल तर त्याच आठवड्यात वाळवलेला, कडकडीत! मग आम्ही तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर अगदी स्वच्छ आलेलं, तारखासुद्धा वाचता येत होत्या. आणि पुढे परातीत नुसता पिवळट लगदा. ऑर्डर दुसरीकडे गेली.

गटात त्या रात्री दोन गोष्टी बोलल्या गेल्या. एक, "आपला फोन स्वस्तातला, असंच येणार." दुसरी, "आपल्याला हे जमत नाही. पुढच्या वेळी पोराला सांगू काढायला." दोन्ही चूक होत्या. फोनने फोकस धरला होता, पण कॅलेंडरवर. म्हणजे फोन काम करत होता. कुठे बघायचं, ते आम्ही त्याला सांगितलं नव्हतं.

म्हणून आजचा पाठ यावरच. नवा फोन घ्यायच्या आधी आणि पोराच्या हातात फोन द्यायच्या आधी, फोटो नेमका कशाने बिघडला ते ओळखायला शिकूया. ताप आला की आपण आधी विचारतो, थंडी वाजते का, घसा दुखतो का. फोटोचंही तसंच आहे. पुसट फोटो हे लक्षण झालं. दुखणी वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

फोनचा डोळा कसा बघतो

सुईत दोरा ओवताना आपण सुई थोडी पुढे, थोडी मागे करून पाहतो. एका जागी आली की तिचं भोक स्पष्ट दिसतं. फोनही असंच काहीसं करतो, फक्त तो वस्तू हलवत नाही, आपली लेन्स हलवतो. कॅमेऱ्याच्या आत एक चिमुकली मोटर असते. ती लेन्सला केसाएवढी पुढे-मागे सरकवते. ज्या जागी चित्र सर्वांत स्पष्ट होतं, तिथे लेन्स थांबते. फोन हे आपलं आपण करतो, म्हणून त्याला ऑटोफोकस म्हणतात.

पण चित्र स्पष्ट झालं, हे फोनला कळतं कसं? तो कडा शोधतो. काळ्या-पांढऱ्याची सीमा, अक्षराची रेघ, परातीची कड, बोंबलाच्या अंगावरची सुरकुती. कड जितकी ठळक, तितका फोकस बरोबर, असा त्याचा हिशोब. अनेक फोनांत आणखी एक युक्ती असते. लेन्सच्या डाव्या आणि उजव्या बाजूने आलेली दोन चित्रं तो जुळवून पाहतो. ती जुळली की फोकस बसला. पण जुळवायलासुद्धा कडा लागतातच. साध्या पांढऱ्या भिंतीवर फोन धरून बघा, भर दुपारीसुद्धा तो घुटमळतो.

आता उजेडाचं बघू. उजेड लक्स या मापाने मोजतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. ढगाळ दिवसा बाहेर साधारण १०,०००. रात्री दिवा लावलेल्या खोलीत १०० ते ३००, आणि एकच बल्ब असेल तर कोपऱ्यात त्याहूनही कमी. रस्त्याच्या दिव्याखाली १०-२० वर आलो. आपल्या डोळ्याला हा फरक एवढा जाणवत नाही, कारण डोळा अंधाराला सरावतो. फोनला मात्र खोलीत उन्हाच्या शेकडोपट कमी उजेड मिळतो. मग चित्रात दाणे दिसू लागतात, कडा त्या दाण्यांत हरवतात, आणि लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे करत राहते. पडद्यावर चित्र श्वास घेतल्यासारखं फुगतं आणि आकसतं, ते यामुळेच. शेवटी जिथे ठळक कड सापडेल तिथे फोन थांबतो. आमच्या घरी ती कॅलेंडरच्या काळ्या आकड्यांची होती.

ही अडचण आजची नाही. आपोआप फोकस करणारा, बाजारात मोठ्या संख्येने आलेला पहिला कॅमेरा जपानचा कोनिका सी ३५ एएफ. तो १९७७ साली आला. तोही दोन चित्रं जुळवून पाहणारा, म्हणजे उजेडावर अवलंबून. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, पोलरॉइड कंपनीने वेगळा मार्ग काढला. त्यांच्या कॅमेऱ्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघायचा. तो वस्तूवर आपटून परत यायचा, आणि किती वेळात परत आला यावरून कॅमेरा अंतर काढायचा. आपल्या बोटींवर मासे शोधायचं यंत्र असतं ना, पाण्यात आवाज सोडून खालचा थवा दाखवणारं? तत्त्व तेच! अंधारात हा कॅमेरा छान चालायचा. पण खिडकीच्या काचेतून फोटो काढायला गेलं की फसायचा, कारण आवाज काचेवरूनच परत यायचा. काही फोनांत आज आवाजाऐवजी न दिसणारा लेझर किरण सोडून अंतर मोजतात. पण तो जवळच्याच वस्तूपुरता कामाचा, आणि साध्या फोनांत बहुधा नसतो. तेव्हा आपण धरून चालू की आपल्या फोनला दोनच गोष्टी हव्यात: उजेड आणि कड.

आधी दुखणं ओळखा

फोटो काढला की लगेच दोन बोटांनी मोठा करा आणि नीट बघा.

१. फोटोत दुसरंच काही स्पष्ट आलंय, आपली वस्तू पुसट आहे. म्हणजे फोकस चुकीच्या जागी बसला.

२. कुठेच काही स्पष्ट नाही आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसतात. दिव्याचा ठिपका लांबट झालाय. म्हणजे हात हलला. फोकसचा यात दोष नाही.

३. पाठीमागची भिंत, टेबल स्पष्ट आहे, पण माणसाचा हात किंवा चेहरा फिसकटलाय. म्हणजे माणूस हलला. कमी उजेडात फोन डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. १/१५ सेकंद हा आपल्याला क्षणही वाटत नाही. पण तेवढ्यात साध्या चालीने चालणारी बाई ८ सेंटिमीटर पुढे जाते.

४. सगळ्या फोटोवर धुकं आहे, दिव्याभोवती वलय आहे, दिव्यातून लांब किरण निघालेत. म्हणजे लेन्स मळलीय.

५. कडा जागेवर आहेत, पण सगळीकडे रेती टाकल्यासारखे दाणे आहेत. म्हणजे फोकस ठीक आहे, उजेड कमी पडला.

६. आपल्या फोनवर स्वच्छ दिसतो, समोरच्या ताईंना पुसट दिसतो. म्हणजे पाठवताना फोटो लहान झाला. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडी निवडा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हे एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं. हात हललेला असताना शंभर वेळा पडद्यावर बोट टेकवून उपयोग नाही, आणि लेन्सवर तेल असताना नवा बल्ब लावून काही होत नाही.

उपाय, याच क्रमाने

पहिला: लेन्स पुसा. हसू नका. आपल्या हाताला मासळी असते, मसाला असतो, तेल असतं. उत्तन, पाली, चौकला तर वारासुद्धा खारा. मीठ लेन्सवर बसतं आणि नुसतं घासलं तर लेन्सला ओरखडे पडू शकतात. म्हणून आधी फुंकर मारा, मग धुतलेल्या मऊ सुती कापडाने हलक्या हाताने गोल पुसा. चिकट असेल तर कापड किंचित ओलं करा, नंतर कोरड्याने टिपा. जरीचा पदर, खरखरीत टॉवेल, नेलपॉलिश काढायचं पाणी यांतलं काही वापरू नका. लेन्सवर जादा काच चिकटवली असेल आणि ती चरे पडून पांढुरकी झाली असेल तर काढून टाका.

दुसरा: अंतर तपासा. वस्तू फार जवळ असेल तर कितीही उजेड असला तरी फोकस बसत नाही. लहान अक्षर आपण नाकाला लावून वाचू शकतो का? तसंच. पुष्कळ फोनांना ८-१० सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, काही मोठ्या फोनांना त्याहून जास्त अंतर लागतं. सोपा नियम म्हणजे निदान एक वीत लांब राहा. वस्तू लहान दिसली तर नंतर फोटो कापून मोठी करता येते. दूरच्या वस्तूसाठी मात्र झूम ओढू नका, दोन पावलं पुढे जा. रात्री झूम केलं की हाताचा कंपही मोठा होतो.

तिसरा: उजेड द्या, पण बाजूने. फोनचा फ्लॅश समोरून मारला की प्लॅस्टिकचं पाकीट चमकतं आणि माल पांढराफटक दिसतो. त्यापेक्षा दुसऱ्या ताईच्या फोनची बॅटरी लावा आणि ती वस्तूच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला, थोडी वर धरायला सांगा. बाजूने उजेड पडला की बोंबलाच्या प्रत्येक सुरकुतीची बारीक सावली पडते. सावली पडली की कड तयार होते, आणि कड दिसली की फोन फोकस धरतो. उजेड फार टोकदार वाटला तर बॅटरी पांढऱ्या कागदावर मारा आणि कागदावरून परतलेला उजेड मालावर येऊ द्या.

चौथा: कुठे बघायचं ते बोटाने सांगा. पडद्यावर आपल्या वस्तूच्या जागी बोट टेकवा. पण गुळगुळीत भागावर नाही, कडेवर टेकवा. परातीच्या मधोमध न टेकवता बोंबलाच्या जबड्याजवळ टेकवा. पाकिटाच्या मोकळ्या प्लॅस्टिकवर न टेकवता लेबलाच्या अक्षरांवर टेकवा. माणसाचा फोटो असेल तर कपाळावर किंवा गालावर न टेकवता डोळ्यावर टेकवा.

पाचवा: फोकस बांधून ठेवा. बोट टेकवून २-३ सेकंद तसंच दाबून धरा. बऱ्याच फोनांत कुलपाचं चिन्ह येतं किंवा चौकोन स्थिर होतो. आता फोन दुसरीकडे बघणार नाही. मात्र कुलूप लावल्यावर पुढे-मागे सरकू नका. सरकलात तर पुन्हा बोट टेकवून बांधा. चौकोनाशेजारी सूर्याचं चिन्ह आलं तर ते किंचित वर-खाली करून उजेड कमी-जास्त करता येतो.

सहावा: फोकस काही केल्या बसत नसेल तर त्याला उसनी कड द्या. ही युक्ती मला फार कामाची वाटते. पांढरा जवळा, मीठ, तांदळाचं पीठ, पांढरे पापड यांच्यावर फोन हमखास घुटमळतो, कारण सगळं एकाच रंगाचं. अशा वेळी पावतीपुस्तक किंवा छापील कागद मालाच्या अगदी शेजारी, तेवढ्याच अंतरावर ठेवा. त्याच्या अक्षरांवर फोकस बांधा. मग फोन न हलवता कागद काढून घ्या आणि फोटो काढा.

सातवा: हात टेका. दोन्ही कोपरं पोटाशी घट्ट लावा, किंवा फोन डब्यावर, खिडकीच्या कठड्यावर टेकवा. बटण दाबतानाच फोन हलतो, म्हणून ३ सेकंदांचा टायमर लावा. टायमर म्हणजे फक्त सेल्फीसाठी नाही! नाइट मोड असेल तर तो लावा, पण त्याचं काम समजून घ्या. तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, त्यामुळे चित्र उजळतं. तोवर फोन आणि वस्तू दोन्ही स्थिर हवेत. परातीतल्या मालासाठी उत्तम, खेळणाऱ्या लेकरांसाठी नाही. आणि फोकस चुकला असेल तर नाइट मोड तीच चूक उजळून दाखवतो.

आठवा: पाठवण्याआधी मोठा करून बघा. आमची ऑर्डर गेली ती इथेच. लहान पडद्यावर सगळेच फोटो बरे दिसतात.

आपल्या कामातले प्रसंग

रात्रीच्या बैठकीत रजिस्टरचा फोटो. हिशोबाचं पान संघाकडे पाठवायचं असतं आणि बैठक संपते दिवे लागल्यावर. इथे पुसट फोटो नुसता वाईट दिसत नाही, नुकसान करतो. आपला १ आणि ९ किती सारखे दिसतात बघा. १,००० चा ९,००० वाचला गेला तर कर्जफेडीच्या हिशोबात कोणाची तरी झोप उडणार. रजिस्टर दिव्याच्या जवळ न्या. दिवा तुमच्या पाठीमागे नको, नाहीतर तुमचीच सावली पानावर पडते. फोन पानाला समांतर, साधारण फूटभर वर धरा. छापील मथळ्यावर बोट टेकवा. काढल्यावर चारही कोपरे आणि रकमेचा रकाना मोठा करून वाचा. एक जण फोटोतले आकडे मोठ्याने वाचेल, दुसरी रजिस्टरमध्ये ताडून बघेल. मगच पाठवा.

पहाटे बंदरावर. बोटी लागतात तेव्हा पुरता उजाडलेलं नसतं. मागे आकाश उजळ आणि बोट काळी, हे चित्र फोनला सोपं आहे, पण फक्त कडेवर. बोटीच्या नाळेची कड आकाशाला जिथे कापते तिथे, किंवा बोटीवर रंगवलेल्या नंबरावर बोट टेकवा. फोनच्या साध्या लेन्सला चार-पाच मीटरच्या पलीकडचं जवळजवळ सगळं एकाच फोकसात येतं. म्हणून बोट दिसत नसली तर तेवढ्याच लांबच्या दिव्यावर फोकस बांधला तरी चालतो. आणि एक सांगते, फोनकडे बघत मागे-मागे सरकू नका. खाली दोर असतात, जाळी असतात, ओला दगड असतो.

वादळ-पावसात नुकसान झालं तर. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, ते कोण विसरेल? अवकाळी पाऊसही वलांडीवरचा माल एका रात्रीत खराब करतो. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायला किती हात लागतात, ते आपल्यालाच ठाऊक. अशा वेळी फोटो हा पुरावा असतो आणि तो अनेकदा रात्रीच काढावा लागतो, कारण सकाळपर्यंत भिजलेला माल काढून टाकावा लागतो. आधी माणसांची आणि विजेच्या तारांची काळजी घ्या. मग लेन्स पुसा, कारण पावसाचा एक थेंब पुरा फोटो घालवतो. एकीने बाजूने बॅटरी धरायची, दुसरीने फोटो काढायचा. पडत्या पावसात फ्लॅश लावला तर जवळचे थेंबच चमकतात आणि कधी कधी फोकसही थेंबावर बसतो. प्रत्येक जागेचे दोन फोटो काढा, एक लांबून जागा कळावी म्हणून आणि एक जवळून नुकसान कळावं म्हणून. लांबच्या फोटोत ओळखीची खूण येऊ द्या, घराचा कोपरा, विजेचा खांब, काहीही.

प्रदर्शनातला स्टॉल, सणाची रात्र. डोक्यावर झगमगते दिवे आणि खाली माल अंधारात. फोन दिव्याला भुलतो. दिवा चौकटीबाहेर ठेवा, लेबलावर बोट टेकवा. माणसांचा फोटो असेल तर "एक, दोन, तीन, हलू नका" असं म्हणा आणि एकदम तीन-चार फोटो काढा. त्यातला एक तरी स्थिर येतो.

मोठा कॅमेरा असेल तर

आता काही मुली हळदी, बारसं, चर्चचे सण यांचे फोटो काढून कमावतात. त्यांच्यासाठी थोडक्यात. फोकस अजिबात होत नसेल तर आधी लेन्सवरचं बटण बघा. ते धक्का लागून एएफवरून एमएफवर गेलेलं असतं, हे फार वेळा घडतं. बसलेल्या माणसासाठी सिंगल फोकस ठेवा, नाचणाऱ्यासाठी सतत धरणारा. अंधारात सगळे फोकस बिंदू चालू न ठेवता मधला एकच वापरा. डीएसएलआर कॅमेऱ्यांत मधला बिंदू बहुधा सर्वांत चांगला असतो. बटण अर्धं दाबून फोकस धरा, मग चौकट जुळवा.

लेन्सचंही महत्त्व आहे. एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या लेन्सपेक्षा सुमारे दहापट उजेड आत घेते. म्हणून हळदीच्या मांडवात कॅमेऱ्यासोबत मिळालेली झूम लेन्स घुटमळते आणि ५० मिलिमीटरची साधी एफ १.८ लेन्स पटकन फोकस धरते. नवी बॉडी घ्यायला कर्ज काढायच्या आधी अशी लेन्स एका दिवसासाठी भाड्याने आणून बघा. काहीच जमेना तर एमएफवर जा, पडद्यावर चित्र मोठं करा आणि हाताने रिंग फिरवून डोळ्यांची कड स्पष्ट करा. आपोआप फोकस यायच्या आधी सगळे फोटो हातानेच फोकस करून काढत होते ना!

दुरुस्तीला कधी न्यायचं

लगेच दुकानात पळू नका. सकाळी १० वाजता उन्हात जा. कव्हर काढा, लेन्स पुसा आणि हातभर अंतरावर वर्तमानपत्र ठेवून त्याचा फोटो काढा. अक्षरं स्वच्छ आली तर फोन ठणठणीत आहे, अडचण उजेडाची किंवा पद्धतीची होती. उन्हातही पुसट आली, लेन्समधून सतत टकटक आवाज आला, किंवा जवळचं दिसतं आणि लांबचं कधीच नाही असं झालं, तर मोटर बिघडली असू शकते. तेव्हा दाखवा.

दोन कारणं पटकन लक्षात येत नाहीत. कव्हराच्या किंवा स्टँडच्या मागे लोहचुंबक असेल तर काही फोनांत लेन्सची मोटर गोंधळते. आणि स्कूटरच्या हँडलला फोन रोज बांधला तर इंजिनाच्या कंपनाने लेन्सची यंत्रणा खराब होऊ शकते. पुढचा सेल्फी कॅमेरा बऱ्याच फोनांत फोकस हलवूच शकत नाही, त्याचं अंतर ठरलेलं असतं. म्हणून मालाचे आणि कागदाचे फोटो नेहमी मागच्या कॅमेऱ्याने काढा. मागे दोन-तीन डोळे असतील तर नेहमीचा, १ लिहिलेला कॅमेराच रात्री वापरा.

गटाच्या बैठकीत करायचा सराव

पुढच्या बैठकीत २० मिनिटं याला द्या. एका ताटात पांढरा माल ठेवा, जवळा, पापड किंवा तांदूळ. मागे भिंतीवर कॅलेंडर असू द्या. एकच दिवा ठेवा. प्रत्येकीने आपल्या फोनवर तीन फोटो काढायचे.

पहिला, नेहमीसारखा, काही न करता.
दुसरा, लेन्स पुसून, कडेवर बोट टेकवून.
तिसरा, बाजूने बॅटरी, फोकस बांधून, हात टेकून, टायमर लावून.

मग तिन्ही फोटो मोठे करून एकमेकींना दाखवा आणि प्रत्येक पुसट फोटोचं दुखणं गटाने ओळखायचं: फोकस चुकला, हात हलला, लेन्स मळली की उजेड कमी? ज्या ताईंनी कधी फोनचा कॅमेरा उघडला नाही, त्यांना पहिला नंबर द्या. फोन घरातल्या दुसऱ्या कुणाचा असला तरी चालेल, पण बटण त्यांनीच दाबायचं.

लक्षात ठेवा

पुसा. वीतभर लांब राहा. बाजूने उजेड द्या. कडेवर बोट टेकवा. दाबून बांधा. हात टेका. मोठा करून बघा. आणि जमलं तर सगळ्यांत सोपं करा: मालाचे फोटो सकाळीच, दाराशी, सावलीतल्या उजेडात काढून ठेवा. रात्री मागणी आली तर तयार फोटो पाठवता येतो. मात्र फोटो त्याच मालाचा हवा.

यंदाच्या आगोटीला आम्ही तेच केलं. पण एका दिवशी माल संध्याकाळीच हातात आला आणि फोटो रात्रीच काढावा लागला. तोच पिवळा बल्ब, तीच परात, तोच फोन. कॅलेंडर तेवढं उतरवून ठेवलं. एकीने बॅटरी धरली, एकीने पावतीपुस्तक ठेवून काढून घेतलं, आणि फोटो काढला तो "मला नाही जमत" म्हणणाऱ्या ताईंनी. मोठा करून पाहिला तर बोंबलाच्या अंगावरची प्रत्येक रेघ दिसत होती. मीरा रोडच्या त्याच ताईंना पाठवला. त्यांनी १५ पाकिटं मागवली. ४० नाहीत, १५. पण या वेळी माल जुना आहे का, असं त्यांनी विचारलं नाही.